धूर दिसला की लगेच बोर? राजदूतवाल्यांनो, जरा थांबा



आज पिकाचं नाही, इंजिनाचं लिहितोय. मुद्दा मात्र नेहमीचाच : निदान आधी, औषध नंतर.

खेड्यात अजून कुणाकुणाच्या गोठ्यात जुनी राजदूत 175 उभी आहे. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं इथं बनवलेली टू-स्ट्रोक. दुधाचे कॅन, पेंडीची पोती, सगळं ओढलं तिनं. गॅरेजला नेली की मिस्त्री लांबूनच सांगतो, "धूर मारतीय, बोर-पिस्टन करावं लागंल." मोजलेलं काहीच नसतं. पान पिवळं दिसलं की युरिया टाका, त्यातलाच हा प्रकार. अहो, पान लोह कमी पडलं तरी पिवळं होतं, मुळाशी पाणी साचलं तरी होतं.

धूर म्हणजे रिंग गेली, हा हिशोब फोर-स्ट्रोकचा. तिथं खालचं ऑइल रिंगवरून वर चढतं आणि जळतं. टू-स्ट्रोकच्या क्रँकखाली ऑइलचा साठाच नसतो, ऑइल पेट्रोलबरोबर येतं. म्हणून धूर वाढला तर आधी दोन शंका घ्या.

एक, ऑइल जास्त पडतंय. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली. मापानं टाका, बाटलीच्या अंदाजानं नको.

दोन, क्रँकचं क्लचकडचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. गिअर ऑइल मोजून भरा, आठ-दहा दिवस गाडी चालवा, काढून परत मोजा. बाहेर गळती नाही आणि ऑइल घटलंय, तर पहिला संशय सीलवर. ते तसंच ठेवून बोर केलं तर पैसे जातील, धूर राहील.

मॅग्नेटकडचं सील गेलं तर उलटं होतं. बाहेरची हवा आत ओढली जाते, प्लग पांढरा पडतो, थ्रॉटल सोडला तरी इंजिन भणभणत राहतं. अशा वेळी लोक ऑइल वाढवतात. ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा आणखी घटतो, इंजिन आणखी तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतो.

चढाला ओढत नाही? सायलेन्सरची आतली नळी आणि एक्झॉस्ट पोर्ट बघा, कार्बननं चोंदलं असेल. गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाली की चालू होते? कॉइल नाहीतर कंडेन्सर. पॉइंट जळालेत का बघा, गॅप फीलर गेजनं 0.4 मिमीच्या आसपास ठेवा. यातल्या एकाही कामाला बोर लागत नाही.

बोर करायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. किकला दाबच लागत नसेल, पिस्टनवर उभे ओरखडे असतील, सिलिंडरचं वरचं-खालचं माप वेगळं येत असेल, तर करा. पण ध्यानात ठेवा, प्रत्येक बोरला सिलिंडरचं आयुष्य एका मापानं कमी होतं. ओव्हरसाइज संपले की संपलं. नवी राजदूत बनत नाही आता.

घरी सगळं होतं असंही नाही. कनेक्टिंग रॉडला खालच्या टोकाशी खेळ आला तर क्रँक प्रेसवाल्याकडंच न्या. घरी हातोडा मारू नका.

कुणी म्हणेल, शेती करायची का मिस्त्रीगिरी? नका करू. पण "माप दाखव, मग खोल" एवढं तरी म्हणा.

आणि दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. तासभर तपासून त्यानं "सील बदल" सांगितलं, तर त्या तासाचे पैसे आपण देतो का? नुसतं बघितलं तर होतं म्हणतो. मग तो पार्ट बदलूनच पैसे काढणार. औषधाच्या दुकानातही हेच चाललंय. सल्ला फुकट, बाटली विकत, म्हणून गरज नसताना बाटली गळ्यात पडते. कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्या ज्ञानाचंही मोल यामुळंच होत नाही.

तपासणीचे शंभर-दोनशे रुपये खुशीनं द्या. फुकटचं निदान आपल्याला सगळ्यात महाग पडतंय.