कांड्या पूर्ण, शब्द अपूर्ण

परगांवीं असलेल्या मुलाशीं बोलतांना मध्येंच आवाज तुटावा, आणि पाहावें तों मोबाइलवर रेंजच्या सर्व कांड्या उभ्या, हा अनुभव हल्लीं घरोघरींचा आहे. वृद्धांना वाटतें, मुलानेंच फोन ठेवला. अशा निष्कारण रुसव्यांसाठीं आम्ही आज हा विषय घेतला आहे.

कांड्या दाखवितात तें मुख्यत्वें लहरींचें बळ, स्वच्छता नव्हे. किती बळाला किती कांड्या, हें ज्याची त्याची कंपनी ठरविते. २०१० सालीं ॲपल कंपनीनें तर आपलें सूत्र चुकीचें असून कित्येकदां दोन कांड्या अधिक दिसतात, असें स्वतःच जाहीर केलें! भरल्या मंगलकार्यालयांत मोठ्यानें बोलूनही शब्द कळत नाहींत, तसेंच शेजारच्या मनोऱ्यांच्या लहरी मिसळल्या कीं होतें.

मग यंत्राला स्वच्छता कळते कशी? मनोरा आपल्या लहरींत ठराविक जागीं पूर्वनियोजित खुणा पेरतो. त्या यंत्राला मुखोद्गत असतात. काय यावयास हवें होतें आणि काय आलें, हें तें ताडून पाहतें. शुद्धलेखन तपासणारा शिक्षक हेंच करतो. एखादा विद्यार्थी नेहमींच दीर्घाचा ऱ्हस्व करतो. ती खोड ओळखली कीं त्याचा मजकूर सुधारून वाचतां येतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा परिणाम असाच बराचसा हिशेबांत धरतां येतो. पाटीवर वेडेवांकडे उमटलेले डाग मात्र उरतात, तोच गोंगाट. मूळ लहर आणि हा गोंगाट यांचें प्रमाण म्हणजे स्वच्छता.

खरी अडचण वेळेची. पुष्कळ खुणांची सरासरी घ्यावी तर धांवत्या गाडींतला मनुष्य पुढें गेलेला असतो. थोड्याच घ्याव्यात तर अंदाज डळमळतो. ४जी पद्धतींत यंत्र मनोऱ्याला ० ते १५ असे गुण कळवितें, आणि त्याप्रमाणें मनोरा दर चिन्हावर २, ४, ६ किंवा अधिक बिट लादतो. गुण फाजील दिले तर मजकूर बिघडतो, कमी दिले तर गति मंदावते.

१८०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें १७ सेंटिमीटर लांब. म्हणून कधीं कधीं वीतभर सरकल्यानेंही फरक पडतो. शिवाय आपला आवाज मनोऱ्यापर्यंत नीट पोहोंचतो कीं नाहीं, हें कांड्या मुळींच सांगत नाहींत. तेव्हां मुलगा पलीकडून “ऐकूं येत नाहीं” म्हणाला, तर तें खरें मानावें.