शनिवार तेल्यांचा घाणा

सदर : सणवार । सोयगाव

पोळ्याच्या आठवड्यात या सदरात खांदेमळणीबद्दल लिहिलं होतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आपल्या सोयगावच्या शिवारात पोरासोरांनाही ठाऊक असतं. काही गावांत महादेवाचा वार म्हणून सोमवारीही औत धरत नाहीत. पण दर आठवड्याला, न चुकता, बैलाला आणि माणसाला एकाच दिवशी मोकळं सोडणारे तेली आपल्याच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नांदले. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. ते ज्यू होते, बेने इस्रायल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी ते पांगले आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले. घरात मराठी, अंगावर लुगडं, कपाळाला घाम तेलघाण्याचा. काळाच्या ओघात हिब्रू विसरली, ग्रंथ हातचे गेले. टिकलं ते थोडकं: शमा ही प्रार्थना, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं आणि शनिवार. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने त्यांना ओळखलं ते याच खुणांवरून, असं हा समाज सांगतो.

या शनिवारची किंमत काय होती, ते तेलघाणा पाहिलेल्या माणसालाच कळेल. डोळ्यांना झापड बांधलेला बैल दिवसभर गोल फिरतो तेव्हा कुठे लाट फिरते आणि तेल गळतं. शनिवारी घाणा बंद म्हणजे त्या दिवसाचं तेल नाही, पेंड नाही आणि दारात आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे. हातावर पोट असलेल्या माणसाने हे नुकसान दर आठवड्याला सोसायचं, तेही सोबतचं सगळं गाव कामावर असताना! त्यांच्यावर सक्ती करणारा कायदा नव्हता. तरी घाणा थांबला. मला यात भाबडेपणा दिसत नाही, मोठं बळ दिसतं.

मोशेच्या दहा आज्ञांपैकी शनिवारच्या विश्रांतीची ही आज्ञा नीट वाचावी. तिथे विश्रांती एकट्या मालकाला दिलेली नाही. मुलगा, मुलगी, नोकर, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका, सगळ्यांची नावं घेतली आहेत. नोकरालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, हे कारणही तिथेच दिलं आहे. ज्यू परंपरेतलं आजच्या जगण्याला सगळ्यात जास्त उपयोगी काय, असं विचारलं तर मी हेच सांगेन.

अडचण आली ती शहरात. अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईला येऊ लागली. सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली तिथे प्रार्थनामंदिर बांधलं. माणसं पलटणीत, रेल्वेत, टपालात, इस्पितळांत शिरली. कचेरी शनिवारी उघडी, मग शनिवार पाळायचा कसा? अनेकांना तो सोडावा लागला. परंपरा मग शुक्रवारच्या संध्याकाळी, जिथून त्यांचा शनिवार सुरू होतो तिथे, गोळा झाली. काळी किसमिस पाण्यात भिजत घालायची, फुगली की हाताने कुस्करायची, फडक्यातून गाळायची. दिवा लागला की त्या शरबताच्या पेल्यावर प्रार्थना. नवस फेडायचा तर मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण. मटणाच्या ताटाबरोबर दूध चालत नाही, म्हणून गोड करायचं ते नारळाच्या दुधात. कोकणाने दिलं ते त्यांनी आपल्या नियमात बसवलं.

1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे शनिवार हक्काचा मिळाला, पण 1960च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका काढली. ते रस्त्यावर बसले, आणि 1964 साली हा भेदभाव मागे घ्यायला लावला. ज्यांच्या वाडवडिलांनी ग्रंथांवाचून शनिवार सांभाळला, त्यांच्यावर ही पाळी यावी हा घोर अन्याय होता. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इकडे अलिबागच्या इस्रायल आळीत मोजकीच कुटुंबं उरली. महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 साली.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवली तेव्हा. राज्याच्या 2017च्या कायद्याने दुकानं वर्षभर उघडी ठेवायला मुभा दिली, पण दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे प्रत्येकाला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी बंधनकारक केली. शेतमजूर या कायद्यात बसतच नाही. आपला सालदार पहाटे गोठ्यात शिरतो, रात्री मोटारीला पाळी आली की पुन्हा बांधावर जातो, आणि त्याच्या वर्षात वाराचा हिशेब नसतो. बैलाला पोळा तरी आहे.

शेतीचं काम थांबत नाही, जनावरांना रोज चारा-पाणी लागतंच, हे मलाही मान्य आहे. पण एक दिवस घरच्या माणसांनी गोठा बघितला तर शेती बुडत नाही. कोकणातल्या तेल्यांचं हातावर पोट होतं, तरी त्यांना ते जमलं.

तेव्हा सोयगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे: येत्या पाडव्याला किंवा आखाजीला सालदाराशी बोली कराल, तेव्हा सालाच्या रकमेबरोबर आठवड्याची एक पगारी सुट्टीही ठरवा. वार तुम्ही आणि तो मिळून ठरवा, आणि एकदा ठरला की सुगीतही मोडू नका.