सारांशाने भागत नाही

जुन्या नाटकांचा सारांश सांगितला की नववी-दहावीच्या मुलांना पुरे, हे गेल्या आठवड्यातील वाचकपत्रातले मत पटले नाही. गो. ब. देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. सारांशात उरतो तो जरठ-कुमारी विवाहाचा धिक्कार. पण संवाद ओळीने वाचले की कळते, म्हाताऱ्या भुजंगनाथाचे शारदेशी ठरलेले लग्न मोडते ते वयावरून नव्हे, वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! म्हातारा नवरा शास्त्राला चालतो, सगोत्र चालत नाही. देवलांचा हा टोला सारांशात कुठून येणार? वर्गात मी पात्रे वाटून देते आणि ‘हा हे आत्ताच का बोलला?’ एवढेच विचारते. शारदेच्या बापाचा, कांचनभटाचा, पैशांवरचा डोळा मुले आपणहून हेरतात. वेळ नसेल तर एकच प्रवेश घ्या. पण तो मूळ संहितेतून, मोठ्याने वाचून घ्या.

– एक मराठी शिक्षिका, वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)