यंदा दिवाळीच्या खरेदीला चारचाकी नको : कोथरूडकरांना जाहीर आवाहन



दिवाळी तोंडावर आली आहे. कपडे, पणत्या, आकाशकंदील, रांगोळी अशा खरेदीसाठी आता प्रत्येक शनिवार-रविवारी आपली पावलं तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रस्त्याकडे वळणार. खरेदी भरपूर करा, पण यंदा पेठांमध्ये चारचाकी नेऊ नका.

"मग जायचं कसं?" हा प्रश्न काही वर्षांपूर्वी रास्त होता. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि खुद्द मंडईला स्थानक आलं. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, जे जवळ पडेल तिथे बसा. सिव्हिल कोर्टला गाडी बदला. पुढचं स्थानक कसबा पेठ, त्यापुढचं मंडई. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे जिने संपणार कधी असं वाटतं खरं, पण सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. आजी-आजोबांनाही नेता येतं. मेट्रोचं भाडं अंतरानुसार 10 ते 35 रुपये. नळ स्टॉपच्या सिग्नलला जळणाऱ्या पेट्रोलचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पेठांची रचना पेशवाईतली. तिथे रुंदीकरण करून करून किती करणार? एक मोटार उभी राहिली तरी साधारण दहा चौरस मीटर जागा खाते, आणि बहुतेक वेळा तिच्यातून उतरतात दोघं. पुण्यातल्या वाहनांची संख्या 2018 मध्येच लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो आणि पुढच्या महिन्यात नवी गाडी बुक केली. नळ स्टॉपला 2022 मध्ये दुमजली पूल झाला, तरी संध्याकाळी पुलावरून उतरलं की रांग आहेच. सम-विषम तारखेची पाटी वाचत, जागा शोधत गल्लीबोळांतून घिरट्या घालणारे आपणच आणि "काय हे ट्रॅफिक!" म्हणणारेही आपणच.

गाड्या अडवल्या तर धंदा बसेल, अशी भीती दुकानदारांना वाटते. महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. त्या दिवशी एकदा चक्कर मारा. मुलं रस्त्याच्या मधोमध खेळत असतात आणि लोक दुकानांसमोर निवांत रेंगाळतात. मोटारीत बसून पुढे सरकणारा माणूस काही साडी बघायला थांबत नाही.

दुचाकीवाल्यांनी हसू नये. पुण्यात संख्या त्यांचीच जास्त, आणि फुटपाथवर चढतात तेही तेच. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढण्याची सवय निदान दिवाळीपुरती तरी मोडून पाहा. सोसायटीच्या फाटकाबाहेर फुटपाथवर आडवी लावलेली गाडी आपली असेल, तर ती आजच आत घ्या. चालणाऱ्याला रस्त्यावर उतरवून त्याला "चालत जा" कोणत्या तोंडाने सांगायचं?

बसबद्दल थोडं सरळ बोलू. 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली तरी आपण अजून पीएमटीच म्हणतो, आणि बहुतेक मोटारवाले तिच्यात वर्षानुवर्षं चढलेले नाहीत. बस वेळेवर येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती करतात कामवाल्या मावशी, विद्यार्थी, वॉचमन. त्यांचं ऐकतो कोण? ज्यांच्या ओळखी आहेत, ज्यांना पत्र लिहायची हौस आहे, ते स्टॉपवर उभे राहिले की पत्रांना वजन येईल. म्हणून स्थानकापर्यंत बसने जा, आणि बस आली नाही तर मार्ग क्रमांक, थांबा आणि वेळ लिहून लेखी तक्रार करा. स्थानकाजवळचा फुटपाथ उखडलेला असेल तर फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवा.

ज्यांना चालता येत नाही, घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांना हे आवाहन नाही. त्यांनी खुशाल मोटारीने किंवा रिक्षाने जावं. बाकीच्यांनी गाड्या घरी ठेवल्या तर त्यांनाच रस्ता मोकळा मिळेल.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती, की हे पत्रक सूचनाफलकावर लावावं आणि वसुबारसेपूर्वीच्या रविवारी सभासदांनी मिळून मेट्रोने मंडईला जायचं ठरवावं. परतताना पिशव्या जड होतात, तेव्हा माणशी दोन कापडी पिशव्या आणा आणि ओझं वाटून घ्या.