‘ब्रेनवॉश’ नावाची पळवाट

मंडळी, आज एका शब्दावर राग काढायचाय. शब्द आहे ‘ब्रेनवॉश’.

कुठे दंगल झाली, कुठे जमावाने कुणाला ठेचून मारलं, कुठला कॉलेजातला पोरगा घर सोडून कुठल्याशा संघटनेत गेला, की चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत निकाल लागतो. ‘ब्रेनवॉश केलं रे त्याचं.’ मग सगळे समाधानाने कटिंग संपवून डेस्कवर परत. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर हे प्रॉडक्शनमधला बग ‘यूजर एरर’ लिहून बंद करण्यासारखं आहे. तिकीट बंद होतं, बग आहे तिथेच राहतो.

या शब्दात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, कुणीतरी महाधूर्त माणूस पडद्यामागे होता. दोन, ज्याचं ब्रेनवॉश झालं तो मठ्ठ किंवा अडाणी होता. आणि तीन (खरी गोम इथे आहे), मी त्यातला नाही. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा खोट्या निघतात. तिसरी मात्र खोटी असून वर धोकादायकही आहे.

मी भंडारा जिल्ह्यातला. पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नागपूरजवळ ना?’ आणि समोरचा जरा वाचणारा असला तर दुसरा, ‘खैरलांजी तिकडेच ना?’ हो, तिकडेच. मोहाडी तालुक्यात. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ज्यांना नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खैरलांजी म्हणजे धानाच्या शेतीवर जगणारं लहानसं गाव. बहुतेक घरं ओबीसी, बौद्ध घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलंच एक भोतमांगे कुटुंब: भैय्यालाल, सुरेखा आणि त्यांची मुलं रोशन, सुधीर, प्रियांका. वाद जमिनीचा होता, त्यांच्या शेतातून वाट काढण्याचा. (धुऱ्याचं किंवा पांदणीचं भांडण नाही असं एक तरी गाव विदर्भात दाखवा!) ३ सप्टेंबर २००६ ला या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणारे धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. त्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियांका मारणाऱ्यांविरुद्ध साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर गेला. आई आणि तीन मुलं, चौघांनाही मारून टाकलं. मृतदेह कालव्यात टाकले. भैय्यालाल तेवढे वाचले.

सीबीआयने ११ जणांवर आरोपपत्र ठेवलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने ८ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या ६ जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. हा जातीय अत्याचार आहे हे दोन्ही न्यायालयांनी मान्य केलं नाही, सूडाचं प्रकरण मानलं. भैय्यालाल २०१७ च्या जानेवारीत गेले.

आता मला सांगा, इथे ब्रेनवॉश कुणी केलं?

कुठली गुप्त शिबिरं नव्हती, पुस्तिका नव्हत्या, परदेशातून पैसा आला नव्हता. स्मार्टफोनसुद्धा नव्हते. त्या जमावातली माणसं सकाळी उठून बैलांना चारा घालणारी, पोरांना शाळेत धाडणारी, पोळ्याला बैल सजवणारी होती. माझ्या गावात आहेत तशीच, तुमच्या सोसायटीत आहेत तशीच. तरी त्या संध्याकाळी ती त्या घरासमोर पोचली. कशी? तर एकेक पायरी चढत. आणि प्रत्येक पायरी त्या त्या वेळी त्यांना ‘बरोबरच आहे’ अशी वाटली असणार.

पहिली पायरी, एक खरंखुरं किंवा निदान खरं वाटणारं गाऱ्हाणं. वाट हवी आहे, समोरचा देत नाही. दुसरी पायरी, ते गाऱ्हाणं एकाचं न राहता ‘गावाचं’ होतं. एका शेतकऱ्याची वाट अडली तर तो तहसीलला अर्ज करतो. गावाची वाट अडवली म्हटलं की विषय इज्जतीवर जातो. तिसरी पायरी, समोरच्यावर शिक्का. ती बाई तसलीच आहे, ती लोकं माजलीत, पोरगी शिकली म्हणून शेफारली. एकदा शिक्का बसला की समोर माणूस उरत नाही, नुसता शिक्का उरतो. चौथी पायरी, ज्यांना हे पटत नाही त्यांचं गप्प बसणं. आणि पाचवी पायरी ती संध्याकाळ.

माझं भांडण आहे ते चौथ्या पायरीशी. पूर्ण गाव खुनी होतं असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. पण इतक्या लहान गावात, जिथे कुणाच्या घरी पाहुणा आला तरी तासाभरात सगळ्यांना कळतं, तिथे कित्येकांना हे पटत नसणार. आणि त्या प्रत्येकाला वाटत असणार की न पटणारा मी एकटाच. आजूबाजूचे सगळे गप्प म्हणजे सगळ्यांना मान्य, असा हिशेब प्रत्येकाने केला. त्या हिशेबात आपलं स्वतःचं गप्प बसणंही शेजारी धरतोय, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. पंचवीस माणसं एकमेकांकडे बघून गप्प बसली की पाच माणसांना वाटतं, अख्खं गाव आपल्यामागे उभं आहे.

बरं, हे फक्त गावकऱ्यांचं झालं का? पहिलं शवविच्छेदन इतकं ढिसाळ होतं की मृतदेह पुन्हा उकरून दुसरं करावं लागलं. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले. त्यांनी कुणावर कुऱ्हाड उचलली नव्हती. प्रत्येकाने फक्त आपलं काम थोडं थोडं कमी केलं. आणि मोठी वर्तमानपत्रं? त्यांना या घटनेचं वजन कळायला महिना गेला, नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे बातमी मोठी झाली. हे सगळे पगारदार, शिकलेले लोक होते.

इथे कुणीतरी म्हणणार, ‘मानसशास्त्र कसलं सांगतोस, ही सरळसरळ जात आहे.’ मान्य. न्यायालयाने काहीही म्हटलेलं असो, माझ्या मते ही जातच आहे. ओबीसी घराशी वाटेचा वाद झाला असता तर प्रकरण कोर्टात वीस वर्षं कुजलं असतं, कालव्यापर्यंत गेलं नसतं. पण जात म्हणजे तरी काय हो? सभासद अर्ज न भरता जन्मतः जिचं कार्ड मिळतं अशी ती आपल्याकडची सगळ्यात जुनी हुकूमशाही संघटना. तिच्यात वरचा कोण, खालचा कोण, कुणी मान वर करायची नाही आणि केली तर काय करायचं, सगळं आधीच ठरलेलं. पुढारी लागत नाही, भाषण लागत नाही. ‘ब्रेनवॉश’वाल्यांना म्हणूनच ती दिसत नाही. ते ब्रेन धुणाऱ्याला शोधत बसतात, आणि इथे तर पाणीच तसलं.

आता संघटित चळवळी काय करतात? ह्याच पायऱ्या चाकांवर बसवतात, म्हणजे त्या कुठल्याही गावी नेता येतात. आमच्या पूर्वेकडेच बघा. १९९९ पर्यंत गोंदिया आमच्याच जिल्ह्यात होता, आणि त्याच्या जंगलपट्टीने नक्षलवाद जवळून पाहिलाय. १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून दलम गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी माओ शिकवून सुरुवात केली नाही. तेंदूपत्त्याला मजुरी कमी मिळते, जंगल खात्याचा माणूस त्रास देतो, इथून केली. गाऱ्हाणं शंभर टक्के खरं होतं. मग गाणी, नाच, सभा. मग ‘आपण’ आणि ‘ते’. मग शिक्का, इथे त्या शिक्क्याचं नाव ‘खबऱ्या’. ज्या आदिवासींसाठी लढाई होती त्यातलेच कितीतरी जण हा शिक्का मारून संपवले गेले. एक खबऱ्या मारला की उरलेल्या गावाला नाही म्हणायची हिंमत होत नाही. विचारधारा टोकाची वेगळी, पायऱ्या त्याच. ज्यांना आपला रंग सोडून फक्त दुसऱ्या रंगाच्या झेंड्याखालचे अंधभक्त दिसतात, त्यांनी इथे जरा थांबून विचार करावा.

‘पण हे सगळं गावातलं, जंगलातलं,’ असं म्हणून निसटू नका. आपल्यातले निम्मे ज्या सिलिकॉन व्हॅलीत ऑनसाइटला जायला टपलेले असतात, तिथल्याच पालो आल्टोत १९६७ साली रॉन जोन्स नावाच्या इतिहासाच्या मास्तराने वर्गात एक प्रयोग केला. जर्मन लोकांनी हे सगळं होऊ कसं दिलं, असा पोरांचा प्रश्न होता. त्याने ताठ बसायची शिस्त, एक सलाम, एक नाव आणि सभासदत्वाची कार्डं दिली. आठवडाभरात एका वर्गाचं लोण दोनशे पोरांपर्यंत गेलं, पोरं एकमेकांच्या चहाड्या करायला लागली, आणि मास्तरालाच घाबरून प्रयोग बंद करावा लागला. कॅलिफोर्नियातली खातीपिती पोरं ही!

आणि डिग्रीचं म्हणाल तर २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो पंथाच्या ज्या पाच जणांनी सरिन वायू सोडला, त्यांत एक हृदयाचे ऑपरेशन करणारा सर्जन होता आणि बाकीचे चौघे भौतिकशास्त्र-तंत्रज्ञान शिकलेले. गॅम्बेटा आणि हर्टोग या दोन अभ्यासकांनी तर २०१६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं की जिहादी संघटनांमध्ये इंजिनिअर लोकांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त का असतं. घ्या! आपण ज्या डिग्रीला कवच समजतो तिचं हे रेकॉर्ड. मला त्यात फारसं नवल वाटत नाही. स्पष्ट रिक्वायरमेंट, एकच बरोबर उत्तर, वरून आलेली डेडलाइन आणि ‘का’ न विचारता ‘कसं’ सोडवायची सवय, ही आपली ताकद आहे. ज्याला हुकूम पाळणारी माणसं हवीत त्याच्यासाठीही हा एकदम परफेक्ट प्रोफाइल आहे.

मग करायचं काय? इथे मिलग्रॅमच्या प्रयोगातली एक गोष्ट सांगतो जी फार कमी लोक सांगतात. १९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅमने टपाल कारकून, शिक्षक, सेल्समन, मजूर (आणि हो, इंजिनिअरसुद्धा) बोलावले आणि दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारी आणखी दोघांना बसवलं आणि त्यांनी मध्येच ‘आम्ही करणार नाही’ म्हणून हात वर केले. तेव्हा शेवटपर्यंत किती गेले? ४० पैकी ४. त्या प्रयोगांवर पुढे टीका पुष्कळ झाली, तीही योग्यच. तरी हा फरक लहान नाही. त्या दोघांनी भाषण दिलं नाही, वाद घातला नाही. नाही म्हणणारा माणूस शेजारी दिसला, एवढंच पुरलं.

म्हणून माझा आग्रह एवढाच की नाही म्हणायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर म्हणा. पाचव्या पायरीवर नाही म्हणायला हुतात्मा व्हायची तयारी लागते, आणि ती कुणाकडून मागायचा मला अधिकार नाही. तिसऱ्या पायरीवर फक्त थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ‘पोरं पळवणारी टोळी’ समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. आलेले पोट भरायला, भिक्षा मागायला. त्या दिवसांत मोबाइलवर तीच अफवा गावोगाव फिरत होती. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने चांगला पॅच. पण फॅमिली ग्रुपवर काका जेव्हा अख्ख्या समाजाला ‘ही जमातच तसली’ म्हणतात आणि आपण फक्त ग्रुप म्यूट करतो, त्याला कुठला पॅच? म्यूट केल्यावर आपल्याला शांतता मिळते, काकांना मात्र पाठिंबा मिळतो. एक ओळ लिहा ना. ‘काका, हे मला पटत नाही.’ पुरावे, लिंका, वादावादी काही नको. त्या ग्रुपमध्ये आणखी सहा जण असतील ज्यांना पटत नाही आणि जे तुमच्या एका ओळीची वाट बघताहेत.

आणि एक. जो आधीच आत गेलाय त्याला ‘ब्रेनवॉश्ड’ म्हणू नका. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती आणि त्याच्यासोबत ६० जणांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. इतकी वर्षं आत घालवलेली माणसंसुद्धा बाहेर येऊ शकतात, पण त्यासाठी दार उघडं लागतं. आपण तर शाळेतल्या मित्राचं एक स्टेटस बघून त्याला ब्लॉक करतो. मग त्याच्याशी बोलायला उरतात कोण? तेच, आतले.

खैरलांजीत त्या २६ दिवसांत, ३ सप्टेंबर ते २९ सप्टेंबर, गावातल्या वजनदार दोन माणसांनी चावडीवर ‘हे चाललंय ते बरोबर नाही’ म्हटलं असतं तर? नक्की काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. पण ४० पैकी २६ आणि ४० पैकी ४ हे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

असो. सोमवारी टपरीवर कुणी ‘ब्रेनवॉश’ म्हटलं, तर कटिंग संपायच्या आत त्याला एवढंच विचारा, ‘आणि बाकीचे गप्प का होते रे?’