पाहुण्या प्रेक्षकांना कोंडू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

महाशय,

सामना संपला, विजयी संघाची मैदानाभोवतीची फेरी आटोपली, यजमान संघाचे हजारो समर्थक आपापल्या वाटेला लागले, तरीही ज्यांनी रीतसर दाम मोजून तिकिटे घेतली होती अशा परगावच्या दोन-अडीचशे स्त्रीपुरुषांना लोखंडी फाटकाला साखळी आणि कुलूप घालून तासाहून अधिक काळ कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणास, कोणाच्या हुकुमान्वये आणि किती मुदतीपुरता मिळतो, या एका प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. सामन्याच्या संयोजकांकडे लेखी तक्रार केली, स्मरणपत्रे धाडली, समक्ष भेटीची विनंती केली. उत्तर सोडा, अर्ज पोहोचल्याची साधी पोचही मिळाली नाही. त्या मैदानाचे व त्या संयोजकांचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही, कारण एकाला दोष देऊन बाकीच्यांना मोकळे सोडण्याची माझी इच्छा नाही. ज्या ज्या गावच्या समर्थकांपाशी हा विषय काढावा, त्यांच्यापाशी अशीच एखादी कैफियत तयार असते.

परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव या भागांतील आम्ही काही मंडळी मुंबईच्या संघामागे परराज्यांत जातो. आमच्यात गिरणीतून निवृत्त झालेले वृद्ध आहेत, बँकेत आणि पोस्टात नोकरी करणारे आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत आणि वडिलांचे बोट धरून येणारी शाळकरी मुलेही आहेत. वर म्हटलेल्या सामन्याच्या दिवशी फाटकावर आमच्या खिशांतील नाणी काढून एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ओतण्यात आली. कोणाची किती याची नोंद नाही, पावती नाही, परत मिळण्याची तजवीज नाही. पाण्याच्या बाटल्या बाहेरच ठेवून घेतल्या, आणि आत जे पाणी विकत मिळत होते ते मध्यंतरापूर्वीच संपले. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीला अंगातील आमच्या संघाची निळी जर्सी उलटी करून घालण्यास सांगितले गेले, आणि तिने भर रांगेत, सर्वांच्या देखत, आईच्या ओढणीच्या आडोशाने ती उलटी केली. आमच्या स्टँडातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला टाळे होते. हे सारे आम्ही सोसले. परगावी गेल्यावर थोडी गैरसोय व्हायचीच, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

परंतु सामना संपल्यानंतर जे घडले त्याची समजूत कोणत्याही प्रकारे घालता येत नाही. बाहेरची गर्दी पांगेपर्यंत थांबा, असे आम्हांला सांगण्यात आले, आणि ते आम्ही मान्य केले. गर्दी पांगली, रस्ता ओस पडला, परतीच्या गाडीची वेळ जवळ येऊ लागली, तरी फाटक उघडेना. आमच्यातील मधुमेहाच्या एका वृद्ध गृहस्थांना चक्कर आली तेव्हा फाटकावरील रक्षकाला आम्ही कुलूप काढण्यास सांगितले, आणि त्या बिचाऱ्याने जे उत्तर दिले ते मी आजतागायत विसरू शकलेलो नाही. किल्ली आपल्याकडे नाही आणि ती कोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असे तो म्हणाला. महाशय, त्या क्षणी त्या स्टँडात आग लागली असती, एखादी विजेची तार तुटून पडली असती, किंवा नुसती अफवा पसरून लोक घाबरले असते, तर त्या दोन-अडीचशे जिवांचा जामीन कोण होता?

सुरक्षिततेसाठी असा बंदोबस्त करावा लागतो, हे उत्तर मला अनेकदा तोंडी ऐकविण्यात आले आहे. म्हणून सुरक्षिततेचाच हिशेब येथे मांडतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल होऊन १६ जण प्राणास मुकले. प्रतिस्पर्धी समर्थकांची आसने वेगळी असावीत, त्यांचे येण्याजाण्याचे मार्ग वेगळे असावेत, हा धडा त्या दुर्घटनेने दिला आणि तो मला संपूर्ण मान्य आहे. पण वेगळे बसविणे निराळे आणि कोंडणे निराळे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लोखंडी कुंपणाने बंदिस्त केलेल्या गॅलरीत लिव्हरपूलचे समर्थक चिरडले गेले आणि मृतांचा आकडा अखेरीस ९७ वर पोहोचला. हे लोकही परगावाहूनच आलेले होते. वर्षानुवर्षे त्यांच्यावरच दंगेखोरपणाचा आळ राहिला, आणि २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला की या मृत्यूंना समर्थकांचे वर्तन कारण नव्हते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलांग येथे कांजुरुहान मैदानावर अश्रुधूर सोडला गेला, घाबरलेले प्रेक्षक बाहेर पडण्याच्या फाटकांकडे धावले, त्यांपैकी काही फाटके बंद वा अर्धवट उघडी होती, आणि १३५ माणसे मेली. त्या सामन्याला पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता, ही गोष्ट परगावच्या प्रेक्षकाकडे धोका म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानी घ्यावी. आणि दूर कशाला जावे? ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले. तेथे तर प्रतिस्पर्धी समर्थकच नव्हते, होता तो एका क्रिकेट संघाचा विजयोत्सव. १६, ९७, १३५ आणि ११ : हे आकडे एकत्र वाचले म्हणजे दिसते ते हे की बहुतेक ठिकाणी माणसे मेली ती कुंपणांशी आणि फाटकांशी, व्यवस्थेने गर्दीला वाट न ठेवल्यामुळे. आमच्या स्टँडाला घातलेले कुलूप सुरक्षिततेचे साधन नव्हते; पुढच्या दुर्घटनेची ती पूर्वतयारी होती.

जेथे हा खेळ मोठा झाला तेथे पाहुण्या प्रेक्षकाला कोणते स्थान आहे, हेही पाहावे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ३,००० आसने, किंवा मैदान लहान असल्यास एकूण आसनांच्या १० टक्के, राखून ठेवावी लागतात. २०१६-१७ च्या हंगामापासून त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत हा वाटा किमान ५ टक्के आहे. हिल्सबरोनंतरच्या टेलर चौकशी समितीच्या अहवालानंतर तेथील मैदानांवरची लोखंडी कुंपणे उतरविण्यात आली. समर्थकांना जनावरांसारखे वागविल्याची फार मोठी किंमत मोजल्यावर त्या देशाला हे शहाणपण आले. ती किंमत पुन्हा आपण मोजावी, याला काहीही कारण नाही.

आणि हे शहाणपण आपल्यालाही अपरिचित नव्हते. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या निमित्ताने या मुंबई शहराने अवघ्या हिंदुस्थानातील फुटबॉलचे आतिथ्य केले. १९२३ साली मोहन बागान येथे अंतिम सामन्यापर्यंत आला, १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने चषक नेला, १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने. हे सारे या शहराच्या दृष्टीने पाहुणे संघ होते, आणि प्रत्येकाचे समर्थक याच शहरात होते. दादरचे बंगाली, माटुंग्याचे मलयाळी, भेंडीबाजार आणि मदनपुऱ्यातील मुसलमान, धोबीतलाव आणि गिरगावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे सामायिक निवासांत, राहणारे गोवेकर, असे सगळे कूपरेज मैदानाच्या गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसत. भांडणे होत, शिव्याही ऐकू येत. पण गोव्याच्या धेंपो किंवा साळगावकर संघाने गोल केला म्हणून टाळी वाजविणाऱ्या गोवेकराला कोणी सामन्यानंतर कोंडून ठेवल्याचे आमच्या वडीलमंडळींकडून आम्ही कधी ऐकले नाही. लालबाग-परळच्या रस्त्यांवर गणेशोत्सवाचे दहा दिवस अहोरात्र लाखो अनोळखी माणसे येतात. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत, तक्रारी आहेत, तरी बाहेर पडण्याची वाट कोणती हे गल्लीतला पंधरा वर्षांचा कार्यकर्ताही सांगू शकतो. जे एका गल्लीतील मंडळाला साधते ते राष्ट्रीय दर्जाच्या सामन्याच्या संयोजकांना का साधू नये?

येथे आपल्या महासंघावर थेट दोषारोप करणे मला भाग आहे. परगावचा समर्थक अडचणीत येतो तो फाटकावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस अगोदर खुले होते. सुट्ट्यांच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या किंवा हावड्याच्या गाड्यांचे शयनयान त्याच दिवशी भरून जाते. आणि इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्ये तहकूब झाला, महासंघाचा २०१० पासूनचा व्यापारी हक्कांचा करार डिसेंबरात संपुष्टात आला, आणि हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार ही घोषणा झाली ६ जानेवारी २०२६ रोजी. मध्ये पुरते चाळीस दिवसही नव्हते. क्लब, खेळाडू आणि व्यापारी भागीदार यांच्या हितसंबंधांची चर्चा त्या महिन्यांत दिल्लीत पुष्कळ झाली. पण मुंबईहून सुमारे दोन हजार किलोमीटरांवरच्या कोलकात्याला, किंवा सुमारे सहाशे किलोमीटरांवरच्या मडगावला, पदरमोड करून जाणाऱ्या माणसाची बाजू मांडायला त्या चर्चेत कोण होते? अशा माणसाचे मोल काय ते पाहा : ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या विवेकानंद युवभारती क्रीडांगणावर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे नमवून विजेतेपद मिळविले. त्या अफाट जनसमुदायात आपल्या संघाचा रंग अंगावर घालून जे मूठभर मुंबईकर बसले होते, त्यांच्याशिवाय तो विजय त्या संघाला परक्या गावी किती एकाकी वाटला असता, याची कल्पना खेळ खेळलेल्या कोणालाही करता येईल.

आम्ही आमच्यापुरतेच मागत नाही. केरळहून, बंगालमधून, ईशान्येकडून जे समर्थक अंधेरीच्या मैदानावर येतात त्यांनाही हाच न्याय मिळाला पाहिजे, आणि मुंबईच्या संयोजकांकडून त्यांच्या बाबतीत कसूर झाली तर तिची दाद मागण्यासही आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू.

आमचे मागणे असे आहे. प्रत्येक सामन्याला पाहुण्या समर्थकांसाठी आसनांचा ठरावीक वाटा राखावा, आणि त्याचा दर यजमानांच्या तशाच आसनाहून अधिक नसावा. त्या स्टँडात पिण्याचे पाणी आणि स्त्रीपुरुषांची स्वतंत्र, टाळे नसलेली स्वच्छतागृहे असल्याखेरीज सामन्याला परवानगी देऊ नये. नाणी वा अन्य वस्तू काढून घेतल्यास पावती द्यावी आणि जाताना त्या परत कराव्यात. लहान मुलांच्या अंगावरील जर्सीला हात लावू नये. सामन्याची तारीख रेल्वेचे आरक्षण खुले होण्यापूर्वी जाहीर व्हावी. तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्यासाठी प्रत्येक मैदानावर एक नामनिर्देशित अधिकारी असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : सामन्यानंतर पाहुण्या प्रेक्षकांना थांबविणे अपरिहार्य असेल तर त्याची कमाल मुदत मिनिटांत ठरवून ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावी, त्या काळात कोणत्याही फाटकाला कुलूप असू नये, आणि प्रत्येक फाटकाशी ते उघडण्याचा अधिकार असलेला माणूस शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत हजर असावा. हे नियम दप्तरात ठेवून भागणार नाही. त्या गावच्या भाषेत आणि हिंदीत ते फाटकावर ठळक अक्षरांत लावावेत, म्हणजे रक्षकालाही आपले कर्तव्य कळेल आणि प्रेक्षकालाही आपला हक्क.

या पत्राला आपण खाजगीत सांत्वनाचे उत्तर देऊ नये, अशी माझी नम्र विनंती आहे. उत्तर द्यायचे तर ते पुढील हंगामाच्या नियमावलीत, सर्व क्लबांवर बंधनकारक अशा कलमाच्या रूपाने द्यावे. ते कलम येईपर्यंत देशातील कोणत्याही मैदानावर कुलूपबंद फाटकाआड एकाही प्रेक्षकाच्या जिवाला अपाय झाला, तर आपल्याला पूर्वसूचना नव्हती असे म्हणण्याची सोय आजपासून आपल्याला राहिलेली नाही.

आपला,
परळ येथील एक फुटबॉलप्रेमी नागरिक