चमचा कोठें गेला?

बुरोंडीस पावसाळा लागला कीं घरांतील निर्जीव वस्तूंस जीव येतो, असें आमच्या आजीचें मत होतें. दार चौकटींत अडून बसतें, काड्यापेटी रुसते, बरणींतील मीठ रडूं लागतें. मिठाविषयीं तर तिचा स्वतंत्र सिद्धान्तच होता : समुद्र आपलें मीठ परत मागावयास रात्रीं येतो, आणि बरणीचें झांकण न उघडल्यास आंत पाणी सोडून जातो. वर्गांत आम्ही मुलांना सांगतों कीं, खडेमिठांत मॅग्नेशियम क्लोराइडाचा अंश असतो व तो दमट हवेंतील पाणी ओढून घेतो. लांकूड आडवें फुगतें, उभें जवळजवळ मुळींच फुगत नाहीं, म्हणून दार उंचीनें न वाढतां रुंदीनें अडतें. हें सर्व खरें आहे. परंतु तो दमटपणा आला कोठून, असें आजीनें विचारलें असतें, तर आम्हांस समुद्राकडेच बोट दाखवावें लागलें असतें.

असे शास्त्रज्ञ घरोघरीं आहेत. दुधाला माणसाची पाठ ओळखतां येते, हा आमच्या आत्याबाईंचा शोध. वास्तविक उकळूं लागलेल्या दुधावर साय धरते, तिच्याखालीं वाफ कोंडते, आणि ती उसळली म्हणजे क्षणांत सगळें चुलींत जातें. ज्या शंभर दिवशीं पाठ फिरवूनही दूध शहाण्यासारखें वागलें, ते दिवस कोणी मोजीत नाहीं. छत्र्यांविषयीं आमच्या काकांचें म्हणणें असें कीं, त्या पाखरांप्रमाणें ऋतुमानानें स्थलांतर करितात व त्यांचें स्थलांतर नेहमीं शेजाऱ्याच्या दिशेनें होतें.

कोणास वाटेल कीं, हा खुळेपणा आमच्याच किनाऱ्यावरचा. तसें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं एका संशोधनसंस्थेंतील मंडळींस चहाच्या वेळीं चमचे मिळेनासे झाले. त्यांनीं ७० चमच्यांवर गुपचूप खुणेचे आंकडे घातले, ते निरनिराळ्या खोल्यांत ठेविले आणि पांच महिने मोजणी केली. ५६ चमचे, म्हणजे शेंकडा ८०, नाहींसे झाले ! सर्वांच्या सामाईक खोल्यांतील निम्मे चमचे ४२ दिवसांत गेले. ज्या खोल्या ठराविक गटांच्या होत्या तेथें निम्मे जाण्यास ७७ दिवस लागले. चमचा हलका कीं भारी किंमतीचा, यानें कांहीं फरक पडला नाहीं. हा वृत्तान्त २००५ सालच्या डिसेंबरांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या भारदस्त नियतकालिकांत छापून आला. कारणमीमांसेंत विद्वानांनीं कांहीं तर्क मांडले. एक असा कीं, 'माझ्या एका चमच्यानें काय होणार' असें प्रत्येकजण मनांत म्हणतो. दुसरा असा कीं, विश्वांत कोठें तरी चमच्यांचें स्वतःचें जग आहे व बेवारशी चमचे तिकडे निघून जातात. दुसरा तर्क वाचून आजीची फार आठवण झाली. आमच्या शिक्षकांच्या खोलींत हा प्रयोग करावा असें आम्हीं सुचविलें होतें. पण आरंभास लागणारा चमचाच मिळाला नाहीं.

पावाचा तुकडा लोण्याच्या बाजूवरच कां पडतो, याचें गणित रॉबर्ट मॅथ्यूज यांनीं १९९५ सालीं मांडलें. टेबलाच्या उंचीवरून पडतांना तुकड्यास सुमारें अर्धीच गिरकी घेण्यास वेळ मिळतो. आमच्या बालपणीं पाटावर बसून भाकरी खाण्याचा प्रघात होता, त्यामुळें या संकटापासून आम्ही मुक्त होतों. दोरीच्या गांठींचेंही तसेंच. २००७ सालीं अमेरिकेंतील दोघां शास्त्रज्ञांनीं दोरी पेटींत घालून ती पेटी ३,००० हून अधिक वेळां फिरविली, तेव्हां दोरी लांब असल्यास कांहीं सेकंदांतच गांठी पडतात, आणि सुमारें दीड फुटाहून आंखूड असल्यास पडत नाहींत, असें आढळलें. बुरोंडीच्या बंदरावर दोर नीट वेटोळें करून ठेवणाऱ्या खलाशास हें कोणीं शिकविलें नव्हतें; त्याच्या बापानें मात्र कान उपटला असेल.

तेव्हां घरांत वाटेल तितके सिद्धान्त रचावे, भुतावर, मांजरावर, उंदरावर, समुद्रावर खुशाल आळ घ्यावा, असें आमचें मत आहे. यांपैकीं कोणीही रडत घरीं जात नाहीं. आमचा आक्षेप एकाच सिद्धान्तास आहे : ज्यांत माणसाचें नांव असतें त्यास. तो सर्वांत लवकर सुचतो, त्यास पुरावा लागत नाहीं, आणि तो नेहमीं घरांतील सर्वांत गरीब माणसावर जाऊन बसतो. लूककृत शुभवर्तमानांतील त्या बाईचें एक नाणें हरवलें, तेव्हां तिनें दिवा लाविला, घर झाडलें आणि नाणें सांपडल्यावर शेजारणींस बोलाविलें. ती शेजारणींकडे आधीं गेली नाहीं, हा क्रम आम्हीं किती वर्षें वर्गांत शिकविला !

आणि तरी आमच्याच घरचा एक जुना चमचा हरवला, तेव्हां बंदराकडून कामास येणाऱ्या पोरीस कोणी चोर म्हटलें नाहीं, हें खरें. आम्ही केवळ तिच्या देखत चमचे मोजूं लागलों. आमची मंडळी मोजी, आम्ही दारांतून पाहूं. पोर भांडीं घाशीत राही. चौथ्या दिवशीं ती आली नाहीं. तिची आई येऊन सांगून गेली कीं, पोरीस आतां जाळें विणावयास बसविलें आहे.

पाऊस सरल्यावर माडाचें आळें उकरलें, त्यांत कुजलेल्या फणसाच्या सालींबरोबर चमचा निघाला. सालींच्या टोपलींत तो कोणाच्या हातून पडला, हें आम्हांस ठाऊक आहे. त्या दिवशीं फणस आम्हींच फोडला होता.

त्याच संध्याकाळीं बंदरावर गेलों. तिची आई ओट्यावर जाळ्याची गांठ सोडवीत बसली होती. आम्हीं सांगितलें, क्षमा मागितली. ती म्हणाली, "गावला काय ? बरा झाला, मास्तर." आणि पुन्हां गांठीकडे वळली. पोर दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाहीं.